हनुवटीखालचे हात

मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावरील लेखकाचे छायाचित्र हा एक रूढ संकेतच होऊन बसला आहे. हनुवटीखाली हात, मागे पुस्तकांचे कपाट, नजर चौकटीबाहेर कुठेतरी; आणि कवी असेल तर खिडकी. ही छायाचित्रे वाईट असतात असे नव्हे, पण ती त्या लेखकाविषयी काहीच म्हणत नाहीत. ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण लेखनालाही वापरतो आणि चित्रालाही. मग लेखनाकडून जी अपेक्षा करतो ती छायाचित्राकडून का करू नये?

अरनॉल्ड न्यूमन (१९१८–२००६) या अमेरिकन छायाचित्रकाराचे १९४६ सालचे स्ट्राविन्स्कीचे छायाचित्र पाहावे. संगीतकार डावीकडे, खालच्या कोपऱ्यात, लहानसा. उरलेली चौकट पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापलेली. त्या काळ्या झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या कोमल स्वराच्या चिन्हाची आठवण करून देतो. इथे पियानो ही शोभेची वस्तू नाही, ती प्रतिमा आहे. कपाट आणि हे झाकण यांतला फरक हाच सजावट आणि निर्मिती यांतला फरक आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु न्यूमनचे खरे अवघड चित्र १९६३ सालचे. जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप याच्या कारखान्यांत युद्धकाळात छळछावण्यांतील कैदी राबवले गेले होते. १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५१ मध्येच तो सुटला. न्यूमन स्वतः ज्यू. त्याने क्रुपला त्याच्याच कारखान्यात बसवले, दोन्ही बाजूंनी दिवे लावले, किंचित पुढे झुकायला सांगितले. हात हनुवटीखाली गुंफलेले – आपल्या मलपृष्ठावरचीच मुद्रा! – आणि चेहरा मात्र सैतानाचा.

हा न्याय की सूड? छायाचित्रकाराला असा निवाडा देण्याचा अधिकार आहे काय? आमचे मत असे, की क्रुपच्या बाबतीत होता, कारण आरोप प्रकाशयोजनेने रचलेला नव्हता. तो आधीच न्यायालयात सिद्ध झालेला होता. तेच दिवे एखाद्या निरपराध माणसावर रोखले असते तर ती शुद्ध बदनामी ठरली असती, आणि चित्र तितकेच प्रभावी दिसले असते. नेमकी हीच गोष्ट ‘सर्जनशील’ छायाचित्रणाचे धडे देणारे सांगत नाहीत. (ते भिंगाबद्दल मात्र पुष्कळ सांगतात.) व्यक्तिचित्रणपर लेखन शिकवताना लेखकाचा दृष्टिकोन तपासायला आपण विद्यार्थ्यांना सांगतो, ही दोन चित्रे शेजारी ठेवून तो तास अधिक बरा घेता येईल.

आणि स्ट्राविन्स्कीचे ते छायाचित्र? ते ज्या ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी काढले होते, त्याने ते नाकारले.