काच किती उंच असावी?

वाहनपरवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र घेण्यास गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या कन्येसह माझ्याकडे आले. वय अडुसष्ट. सेवानिवृत्तीनंतर मोटारसायकलवरून दूरचे प्रवास करण्याचा त्यांना छंद जडला आहे. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठणे त्यांच्या लेखी सकाळच्या फेरफटक्यासारखेच! “डॉक्टर, तुम्ही तरी बाबांना सांगा, आता गाडी विकून टाका,” कन्या म्हणाली. प्रत्येक प्रवासानंतर त्यांची मान दोन-दोन दिवस धरते, हे तिचे कारण. बाबांनी ते नाकारले नाही. फक्त खिडकीबाहेर पाहत राहिले.

दृष्टी आणि श्रवण तपासले. दोन्ही ठीक होते. मग मी एक विनंती केली. “गाडी खालीच आहे ना? हेल्मेट घालून जरा बसून दाखवा.”

ते बसले, आणि दुखण्याचे निदान निम्मे तेथेच झाले. गाडीला पुढे उंच पारदर्शक विंडशील्ड होते. त्याची वरची कड नेमकी त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येत होती. ती चुकवून रस्ता पाहण्यासाठी ते हनुवटी वर उचलत. चष्मा प्रोग्रेसिव्ह, हनुवटी उचलली की दूरचा रस्ता भिंगाच्या खालच्या, वाचनासाठी असलेल्या भागातून दिसू लागतो आणि अंधूक होतो. म्हणून ते पुन्हा मान खाली घेत, की कड पुन्हा आडवी. चार तास हा व्यायाम केल्यावर मान धरणार नाही तर काय?

“पण ही काच मी नऊ वर्षांपूर्वी नीट मापून बसवली होती,” ते म्हणाले. ते खरेच होते. मात्र काचेची उंची तीच राहिली होती, बदलली होती ती त्यांची. परवान्यावेळच्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिले, तर उंची चार सेंटिमीटरने घटलेली.

वाचकहो, साधारण चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे एक सेंटिमीटर उंची कमी होत जाते, सत्तरीपुढे थोडी अधिक. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो. पाय आखडत नाहीत, आखडतो तो कण्याचा भाग; म्हणजे घट जवळजवळ सगळी बसल्या उंचीत येते. गाडीवरच्या माणसाला तर बसलेलीच उंची कामाची! चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट असेल, तर मात्र तो केवळ काचेचा प्रश्न राहत नाही. अस्थिक्षय आहे का, मणका नकळत दबला आहे का, हे तपासावे लागते. पावणेदोनशे किलोची गाडी उभ्याउभ्या कलंडली, तरी ठिसूळ हाडाला तेवढे पुरते.

आता काचेच्या मापाकडे वळू. दुकानात ताठ बसून घेतलेले माप फसवे असते. तासभर चालवल्यावर आपण जसे सैलावतो तसे बसावे. नेहमीचे हेल्मेट, चष्मा आणि बूट घालावेत. गाडी स्टँडवर न चढवता दोन्ही चाकांवर उभी ठेवून ती कुणीतरी पुढून घट्ट धरावी. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने बाजूने पाहावे. काचेची वरची कड नाकाचे टोक आणि वरचा ओठ यांच्या दरम्यानच्या पातळीत आली, तर ती बहुतेकांना योग्य ठरते. पुढे पंधरा-वीस पावलांपलीकडचा रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसला पाहिजे. या काचेला वायपर नसतो, हे विसरू नये. आषाढातल्या धुक्यात समोरच्या ट्रकचा प्रकाश थेंबाथेंबांवर फुटतो. मोतीबिंदू असलेल्याला तर काचेतून पाहताना रस्त्याऐवजी नुसते तेजोवलयच दिसते.

काच फार खुजी असेल, तर वारा थेट छातीवर येतो. दंड आणि खांदे थकतात, घाम सुकत जातो आणि पाणी कमी पडले तरी लक्षात येत नाही. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. सर्वांत त्रासदायक असते ती मधली उंची. कडेवरून निसटलेल्या हवेचे भोवरे हेल्मेटवर आदळू लागतात, डोके हादरते, कानात घोंगावते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगात मान किंचित खाली घेऊन पाहावे. आवाज शमला, तर काच थोडी उंच हवी. उलट, ताठ होऊन शमला, तर ती कमी करावी. ताशी ८०-१०० च्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो, म्हणून लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालण्यास मी तरी हरकत घेत नाही.

काच पेट्रोलने किंवा अमोनियायुक्त द्रावणाने पुसू नका. हे प्लास्टिक त्याने धुरकटते आणि मग उंची कितीही अचूक असली तरी उपयोग नाही.

मान वर करताच चक्कर येणे, हाताला मुंग्या येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही होत असेल, तर मात्र काचेच्या भानगडीत पडू नका. गाडी घरी ठेवून आधी तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर गाडीवर बसण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

आमच्या गृहस्थांना प्रमाणपत्र दिले. हाडांच्या घनतेचा अहवाल येईपर्यंत घाट उतरायचा नाही, हे त्यांनी कन्येसमोर कबूल केले. अहवालात हाडे थोडी विरळ निघाली, फ्रॅक्चर नव्हते. औषध सुरू केले. काच दोन इंचांनी बुटकी घेतली. परवा साखरप्यापर्यंत जाऊन आल्याचे सांगायला ते सपत्नीक आले. मान ठीक होती. तक्रार आता मागच्या आसनावरून होती: ते आसन वर असल्याने भोवरे थेट त्यांच्या पत्नीच्या हेल्मेटवर येतात. तेव्हा येत्या रविवारी पुन्हा माप घ्यायचे आहे, या वेळी दोघांनाही बसवून.