विकायला घर तरी हवं ना!

व्हिडिओ गेम हा आपल्या चळवळीचा विषय आहे का, असं काहीजणी विचारतील. पण वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतही मुलींच्या हातात आता मोबाइल आलाय. त्यातल्या खेळात बाई कशी दिसावी, हे कुणाचा पैसा ठरवतो, असा प्रश्न विचारला की तो आपलाच विषय होतो.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या गटाची हकिगत पाहा. चित्रकार श्रुती घोष या गटाच्या संस्थापकांपैकी एक. ‘राजी’ हा त्यांचा खेळ. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती त्रिशूळ घेऊन निघते. भावानं बहिणीला वाचवायचं, ही नेहमीची गोष्ट इथे उलटी झाली.

असा खेळ पुरा व्हायला काही वर्षं लागतात. पगार, भाडं, यंत्रं यांचा खर्च दरमहा, आणि खेळ विक्रीला येईपर्यंत मिळकत काही नाही. बँक तारण मागते. अर्धवट खेळ तारण म्हणून कोण ठेवून घेणार? प्रकाशक कंपनी पैसे देते, पण कमाईत वाटा घेते आणि खपणाऱ्या साच्याचा आग्रह धरते. मग उरते लोकवर्गणी.

ती आपल्याला नवी नाही. माणशी एक पैसा मागून उभ्या राहिलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. २०१२ साली अमेरिकेतल्या ‘डबल फाइन’ने ‘किकस्टार्टर’वर एका खेळासाठी चार लाख डॉलर मागितले, तेव्हा लोकांनी तेहतीस लाखांहून अधिक दिले.

‘राजी’ला मात्र २०१७ साली तिथे यश आलं नाही. ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर तिथे काहीच हाती लागत नाही. तेव्हा संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी स्वतःचं घर विकून काम चालू ठेवलं. पुढे प्रकाशक मिळाला, २०२० साली खेळ बाजारात आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं.

या जिद्दीचं कौतुक करूच. पण मैत्रिणींनो, घर विकायला आधी ते नावावर लागतं. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला. तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या गावोगावी आहेत. अशा घरातली मुलगी उद्या खेळ रचायला बसली तर ती काय विकणार? लोकवर्गणी हा तिच्यासाठी अनेक वाटांपैकी एक नाही, बहुधा तेवढी एकच वाट आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यात खेळाला कसली वर्गणी, हा आक्षेप खोटा नाही. पोटाचे प्रश्न आधीच. पण मुलींच्या मनात काय रुजतं, तेही आपण परक्यांच्या थैलीवर सोडू शकत नाही. वर्गणी देताना आंधळा विश्वासही नको. पैसे घेऊन खेळ अर्धाच राहिल्याची उदाहरणं आहेत. बचत गटात आपण दर महिन्याला हिशेब वाचून घेतो, तसाच इथेही मागावा: किती जमले, कुठे गेले, काम कुठवर आलं.

दहा-दहा रुपयांची ताकद आपल्याला माहीत आहे. त्यातून शेळी येते, शिलाई मशीन येतं. एखाद्या मुलीची गोष्टही पुरी व्हावी.