मोडीतला खेळ, पारखून केलेला



या जागेवर आपण एरवी बियाणे, खत, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आज घरातल्या मुलांच्या खेळाविषयी बोलू. विषय वेगळा वाटेल, पण शेवटी तो आपल्या गोठ्यापर्यंत आणि फवारणी पंपापर्यंत येऊन पोचतोच.

आठवडे बाजारात मोडीवाल्याची पथारी आपण सगळेच पाहतो. सायकलची फुटकी ट्यूब, जुना पाट, तेलाचा पत्र्याचा डबा, बरणीभर सुटी बटणे, खोऱ्याचा मोडका दांडा असा माल तिथे पडलेला असतो. आपल्या माळ्यावरही यातले बरेच निघेल. थोडे हात चालवले तर एवढ्या सामानात चार-पाच खेळ होतात आणि खर्च नावालाच येतो.

मात्र एक नियम पक्का धरा. जुनी वस्तू खेळाला घेताना ती कशी दिसते हे मागाहून पाहा. आधी विचारा, "हिच्यात पूर्वी काय होते?" उत्तर मिळाले नाही, तर वस्तू तिथेच ठेवा.

औषधाचा डबा खेळात नको

कीटकनाशकाला आपण बोलताना 'औषध' म्हणतो. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो, पण मुलाच्या कानावर औषध हाच शब्द पडतो. फवारणीचा रिकामा डबा दिसायला छान असतो. रंगीत असतो, झाकण घट्ट बसते, आत खडे घातले की खुळखुळा होतो, भोके पाडली की झारी होते. अशा डब्याशी खेळणारी मुले मी गावोगाव पाहिली आहेत.

हा डबा कितीही धुतला तरी खेळायला किंवा घरात वापरायला योग्य होत नाही. विष प्लॅस्टिकमध्ये मुरते आणि झाकणाच्या आट्यांत राहते. मुलांचा हात घडीघडी तोंडात जातो. शिवाय हे विष कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जाणत्या माणसाची ही गत, तर लहान जिवाचे काय?

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा आहे म्हणून निर्धोक आहे, असे समजू नका.

रिकामा डबा तीन वेळा पाण्याने विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोके पाडा, म्हणजे तो कोणाच्याच कामी येणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असे डबे उघड्यावर टाकायचे नसतात. ते फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. विहीर, ओढा जवळ नको. डबा मोडीत विकू नका आणि लेबल काढलेला डबा बाजारातून घेऊही नका.

मुलाने असा डबा हाताळला असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. मळमळ, लाळ, घाम, गुंगी दिसली किंवा पोटात गेल्याची शंका आली, तर थांबू नका. उलटी करवू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. डब्यावरचे लेबल बरोबर न्या, त्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

सोंगटीला कोणते बी घ्यावे?

खेळात बिया फार उपयोगी पडतात. चिंचोके सर्वांत चांगले. सीताफळाच्या बिया मात्र घेऊ नका, त्या चावल्या तर विषारी असतात. गुंजा लाल-काळ्या, मोठ्या देखण्या दिसतात, पण गुंजेचे बी चावले गेले तर जिवावर बेतते. एरंडीचे आणि धोत्र्याचेही तसेच. पेरणीतून उरलेले गुलाबी, हिरवे, निळे बियाणेही मुलांच्या हाती देऊ नका. तो रंग शोभेचा नाही, बीजप्रक्रियेची खूण आहे. ते बी गुरांनाही घालायचे नसते.

आता खेळांकडे वळू.

१. चल्लस आठ

याला कुठे अष्टाचंग म्हणतात, कुठे चौकाबारा. जुन्या पाटावर किंवा लुगड्याच्या तुकड्यावर पाच बाय पाच अशी पंचवीस घरे आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. चार खेळाडूंना चार रंगांची चार-चार बटणे द्या.

फाशांसाठी चिंचोके दगडावर घासा, म्हणजे एक बाजू पांढरी होते आणि दुसरी तपकिरी राहते. असे चार तुकडे लागतात. जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे आले तर चार, एकही पांढरा नसेल तर आठ. या दोन दानांवर पुन्हा टाकायला मिळते.

सोंगटी आपल्या फुलीतून निघते, बाहेरच्या सोळा घरांतून फेरी घेते, मग उलट दिशेने आतली आठ घरे फिरून मधल्या घरात जाते. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली की तिला घरी जावे लागते. फुलीवर मात्र मारता येत नाही. एकदा तरी मारल्याशिवाय आत शिरायचे नाही, असा नियम बऱ्याच गावी आहे. तुमच्याकडे काय आहे ते आजीला विचारा आणि तिलाही डावात घ्या. पहिलीतले पोर या खेळात बेरीज आपोआप शिकते.

२. नवकंकरी

एकात एक असे तीन चौकोन काढा. प्रत्येक बाजूचे मध्य रेषेने जोडा, पण सर्वांत आतला चौकोन मोकळा ठेवा. कोपरे आणि मध्य मिळून चोवीस जागा होतात. दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. एकाला चिंचोके, दुसऱ्याला बटणे.

आधी आळीपाळीने एकेक मांडायची. सगळ्या मांडून झाल्या की रेषेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायची. एका रेषेत आपल्या तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्याकडे दोनच उरतील किंवा ज्याची वाट बंद होईल, तो हरला. या खेळात दैव नाही, सगळी अक्कल आहे. मोठ्या मुलांना गुंतवायला याच्यासारखा खेळ नाही.

३. लगोरी आणि चेंडू

फुटक्या कौलाचे सात चपटे तुकडे घ्या आणि कडा दगडावर घासून बोथट करा. चेंडूसाठी चिंध्या घट्ट गुंडाळून लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करा. सायकलची ट्यूब साबणाने धुऊन अर्ध्या बोटाच्या रुंदीने आडवी कापा, म्हणजे रबरी कडी निघतात. ती गोळ्यावर उभी-आडवी चढवत जा. चेंडू उसळतोही आणि पाठीत बसला तरी फार लागत नाही.

४. कडी फेकणे

गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती ठासा आणि मधोमध मोडका दांडा उभा करा. डब्याची कड हातोडीने आत दुमडून घ्या. जुन्या काथ्याची वीतभर रुंदीची पाच-सहा कडी वळा. पाच पावलांवरून फेकायची. लहान मुलाला दोन पावले सूट द्या, म्हणजे सगळी भावंडे एका डावात खेळतील.

बाजारात घेताना

- रंगाचे पोपडे निघालेले जुने खेळणे घेऊ नका. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते.
- वाजणारे किंवा दिवा लागणारे खेळणे घेतले तर आत बटणासारखी चपटी बॅटरी आहे का ते पाहा. असेल तर काढून टाका. ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी तडक मोठा दवाखाना गाठा.
- वाहनांच्या जुन्या बॅटरीतले काहीही घरी आणू नका. त्यात शिसे आणि तेजाब असते.
- गंजका पत्रा लागला तर जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी आरोग्य केंद्रात विचारा.

घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर आणखी एक काळजी घ्या. सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाईल, ती त्या मुलाच्या घशातही अडकू शकते. बटणे आणि चिंचोके या मापात बसतात. म्हणून त्यांची कापडी पिशवी शिवा आणि खुंटीला उंच टांगा. डाव संपला की सोंगट्या मोजून आत घालण्याचे काम मोठ्या मुलाकडे द्या. सोळा मांडल्या असतील तर सोळाच परत आल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही.