चूक सांगणाऱ्या सिस्टरची बाजू

बाई कामाला पक्की असेल तर तिला कुणी सांभाळून घ्यावं लागत नाही, असं एका व्यवस्थापनतज्ज्ञांनी परवा भर सभेत सांगितलं आणि टाळ्याही मिळवल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मानसिक सुरक्षितता, म्हणजे न घाबरता चूक सांगता येणं, हे निव्वळ लाड. बायका बोलणं मनाला लावून घेतात, म्हणून हे खूळ निघालं. धाक सुटला की काम सुटतं. आणि उमेद ज्याची त्याने आणावी.

धाकाने काम सुधारतं, हे कशावरून? इस्पितळाचा वॉर्ड घ्या. अमेरिकेत संशोधक अ‍ॅमी एडमंडसन यांनी दोन इस्पितळांतल्या आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. 1996 साली तो अभ्यास छापून आला. चांगल्या विभागांत चुका कमी निघतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाल्या जास्त! तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, हे त्याचं कारण त्यांना पुढे उमगलं. दराऱ्याखालचं रजिस्टर कोरं राहतं, आणि त्या कोऱ्या पानालाच हे गृहस्थ शिस्त म्हणतात.

चूक लपली तर काय होतं, ते बघा. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं, मिलिलिटरला 40 युनिटचं आणि 100 युनिटचं. सिरिंजही वेगवेगळ्या. 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज एकत्र आली, की रुग्णाला अडीचपट डोस जातो. रात्रपाळीत हे ध्यानात आलेल्या सिस्टरने तत्क्षणी डॉक्टरांना उठवायला हवं. पण अशाच कबुलीबद्दल शेजारच्या वॉर्डातल्या मुलीला सगळ्यांदेखत झापून मेमो दिलेला तिने पाहिला असेल, तर तिचा पाय अडखळतो. तेवढ्यात रुग्णाची साखर उतरत जाते. हिला काम येतं. चूक तिनेच पकडली. तिचं ते कसब धाकाने निकामी केलं.

बायकांना झेपत नाही, हा सूर जुनाच. 1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 काम करायला मनाई केली. इस्पितळात मात्र सिस्टर रात्रपाळ्या करतच होत्या, त्याबद्दल कुणाला कळवळा आला नाही. तेव्हा बायका नाजूक होत्या, आता हळव्या.

उमेद आतून येते, हे मान्य. पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी त्या आतल्या उमेदीचाच अभ्यास केला. स्वतः ठरवण्याची मुभा, काम जमल्याचा अनुभव आणि माणसांचा आधार यांवर ती जगते, असं ते सांगतात.

मग करावं काय? चुकीची नोंद मेमोपासून वेगळी ठेवावी. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यात धाकट्या सिस्टरला आधी विचारावं. आणि ती "सर, डोस एकदा बघता का?" म्हणाली, तर खरोखर थांबून बघावं, तिचीच शंका चुकीची निघाली तरी तिला बोल लावू नये.