गल्ली अडली, तर दिवे बंद

नाताळची रोषणाई पाहायला वांद्र्यातल्या आमच्या गावठाणात येणाऱ्यांनी हे नीट वाचावं. माळा लावणाऱ्या घरांनीही वाचावं, कारण निम्मा दम त्यांनाच भरायचा आहे.

वांद्र्यात रनवार, चिंबई, पाली, शेर्ली अशी जी जुनी गावठाणं अजून तग धरून आहेत, तिथल्या वाटा माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाने पडलेल्या आहेत. आमच्या गल्लीचं तोंड जेमतेम दहा फुटांचं. तिथे एखादी एसयूव्ही ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून उभी राहिली की सहा फूट गेले. आरसे उघडे असतील तर साडेसहा. उरलेल्या साडेतीन फुटांतून माणसं जातात, समोरून स्कूटर घुसते आणि मध्ये कुणाची तरी बाबागाडी अडकते. रुग्णवाहिकेला सात फूट लागतात, बंबाला आठाच्या वर. हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही जमतो. हॅजर्डचे दिवे लावून केक आणायला गेलेल्या गाडीमालकाला मात्र तो जमत नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री आमच्या आळीतल्या एका आजींना धाप लागली. रुग्णवाहिका नाक्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली. शेवटी चौघांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ ओरडत बाहेर नेलं. खुर्चीच्या मागे मोबाइल उंच धरून एक मुलगा चालला होता. त्याला वाटलं, हा कार्यक्रमातलाच काही भाग आहे. आजी वाचल्या. यंदाही कुणीतरी असंच वाचेल या भरवशावर गल्ली सोडून द्यायला आम्ही तयार नाही.

‘सणाची गर्दी आहे, होतं थोडं पुढे-मागे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. सोल शहरातल्या इतेवॉन भागात 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री हॅलोवीनसाठी जमलेल्या गर्दीत माणसं चेंगरली आणि 159 जणांचा जीव गेला. आग नव्हती, स्फोट नव्हता. होती ती फक्त एक उतरती गल्ली, सर्वांत अरुंद जागी जेमतेम साडेदहा फुटांची. म्हणजे आमच्यापेक्षा अर्धा फूट जास्तच. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं झाली की कुठे जायचं हे आपल्या पायांच्या हातात राहत नाही. मागचा रेटा पुढच्याच्या छातीवर येतो, फासळ्या फुलायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. ‘इथे काहीतरी भयंकर होणार’ असा पहिला फोन त्या दिवशी संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी पोलिसांना गेला होता. माणसं चेंगरली ती सव्वादहाच्या सुमारास. हे साडेतीन तास कुणी वापरले नाहीत. आमच्याकडे अजून काही दिवस आहेत, म्हणून हा इशारा आज देत आहोत.

आता घरवाल्यांकडे वळतो. आपली घरं लाकडी जिन्यांची, लाकडी सज्ज्यांची. त्या सज्ज्यावरून खाली सोडलेल्या सहा माळा एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड उंबऱ्याबाहेर, वायरीला तीन ठिकाणी जोड आणि जोडावर सेलोटेप. इन्सुलेशन टेपसुद्धा नाही, सेलोटेप! शेजारी गोठ्याचा देखावा, त्यात सुका पेंढा आणि पेंढ्याच्या आत बाळ येशूवर उजेड पडावा म्हणून खोचलेला बल्ब. कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं: ‘एलईडी आहे, तापत नाही.’ दिवा तापत नसेल. पण ढिला जोड तापतो, स्वस्त अ‍ॅडॅप्टर तापतो, आणि पेंढ्याला तेवढं पुरतं. कमला मिलची आग 29 डिसेंबर 2017 ला लागली, नाताळ होऊन चार दिवस झाले होते. 14 जण गेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. बाहेर पडायची वाट मोकळी असणं म्हणजे काय, ते त्या रात्री मुंबईने पाहिलं आहे.

म्हणून 20 डिसेंबरच्या संध्याकाळी सात वाजता आम्ही वायरमनला घेऊन गल्लीतून फेरी मारणार. ज्या घराच्या बाहेरच्या दिव्यांना आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नाही, ज्याची वायर डोक्याच्या उंचीवर रस्ता ओलांडते, ज्याच्या गोठ्यात पेंढ्याला बल्ब चिकटला आहे, त्या घराची बाहेरची रोषणाई त्याच क्षणी उतरवायची. मग ती कितीही सुंदर असो आणि घर कुणाचंही असो, आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचंही असो. ओट्यासमोर टेबल टाकून वाइन आणि केक विकणाऱ्यांनी टेबल अंगणाच्या आत घ्यावं. चार पैसे मिळवायला ना नाही, पण रस्त्यावर एक फूटही नको.

पाहुण्यांसाठी नियम आणखी सोपा आहे. 21 ते 31 डिसेंबर, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, गल्लीत रहिवाशांचीसुद्धा गाडी येणार नाही, दुचाकीही नाही. माणसांनी चर्चच्या बाजूने आत यायचं आणि खुरसाच्या (क्रुसाच्या) बाजूने बाहेर पडायचं. उलटं फिरायचं नाही. थांबून फोटो काढायचा तर खुरसासमोरच्या मोकळ्या जागेत काढा. गल्लीच्या तोंडाशी रील करायला उभ्या राहिलेल्यांना आमची पोरं हलवतील आणि ती दर वेळी गोड बोलतीलच असं नाही. लोकांच्या ओट्यावर चढू नका. खिडकीतून आत मोबाइल घालू नका. आत कुणी जेवत असतं, कुणी आजारी असतं.

गाडी आडवी लावलीच, तर नंबरासह फोटो वाहतूक पोलिसांकडे जाईल. सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न देणाऱ्या चालकाला मोटार वाहन कायद्यानुसार 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘मी कोण आहे ओळखत नाही का’ हे वाक्य वांद्र्यात आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता ओळखायची इच्छाही राहिलेली नाही.

पोलीस आणि पालिका यांच्याकडे मागणी एवढीच, की सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला जे करता ते डिसेंबरात थोडं करा. जत्रेच्या दिवसांत रस्ते बंद होतात, पार्किंगला मनाई होते, बेस्टच्या जादा गाड्या सुटतात आणि लाखो लोक डोंगरावर जाऊन सुखरूप परततात. म्हणजे हे जमतं. आम्हाला लाख माणसांचा बंदोबस्त नको; गल्लीच्या दोन तोंडांना दोन बॅरिकेड आणि सहा ते अकरा दोन हवालदार पुरेत. तसं पत्र दिलं आहे. उत्तर आलं नाही तर बांबू आणि दोरखंड आमच्याकडे आहेत.

आणि आता शेवटची अट. 21 तारखेपासून कुठल्याही संध्याकाळी गल्लीचं तोंड दहा मिनिटं अडलं, तर त्या रात्रीपुरते बाहेरचे सगळे दिवे बंद होतील. दुसऱ्यांदा अडलं, तर या नाताळात बाहेर एकही माळ लागणार नाही. पथदिवे चालू राहतील, घरातले गोठे घरात राहतील, मध्यरात्रीची मिस्सा होईल. सण आमचा आहे, तो बघे आले नाहीत म्हणून अडत नाही. असा निर्णय घेणं कुणालाच आवडलेलं नाही. दर वर्षी तारे बनवणारी मुलं तर आमच्यावर चिडलेली आहेत. तरीही रहिवाशांच्या बैठकीत हात वर झाले ते याच बाजूने.

यायचं असेल तर चालत या. वांद्रे स्टेशनवरून हिल रोडने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हातारं माणूस सोबत असेल तर रिक्षा हिल रोडवरच सोडा. लहान मुलाचा हात धरा. आणि आमच्या पोरांची शिट्टी वाजली की भिंतीला लागून उभे राहा, विचारत बसू नका.