लसीकरणातील फौजदारी जबाबदारी आणि पालकांची संमती : परभणी जिल्ह्यातील आरोग्यसेविकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, परभणी
(आरोग्य व गृह विभागाकडे अग्रेषित करण्याच्या विनंतीसह)

महोदय/महोदया,

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) प्रमाणे हयगयीने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडले, तर मात्र दोन वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये सगळ्यांना कमाल दोनच वर्षे होती. ही सवलत राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असणाऱ्यांनाच आहे. आमची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे. म्हणजे आम्ही त्यात बसत नाही. जिंतूरच्या तांड्यावर बाळाच्या मांडीत सुई देते ती आरोग्यसेविका. डॉक्टरांच्या सूचनेवरून तीच लस दिली आणि तीच चूक घडली, तरी तिला अडीचपट शिक्षा होऊ शकते. ही तफावत दूर करण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी, ही आमची मुख्य मागणी.

आम्हाला माफी नको. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. त्याचे समर्थन आम्ही कधीच करणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लसीनंतर तीन बालके दगावली. लस हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले. परिचारिकेवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण लस हॉटेलात ठेवण्याची वेळ का आली, हेही कुणीतरी विचारावे. आमच्या उपकेंद्रांत वीज जाते तेव्हा हाच प्रश्न आमच्यासमोर असतो. म्हणून शीतसाखळीची जबाबदारी लेखी ठरवावी: सत्राच्या ठिकाणी लस कोणी पोहोचवायची, उरलेली कोणी परत न्यायची, आणि पाणी मिसळलेली गोवर-रुबेलाची बाटली चार तासांनी फेकली म्हणून ‘वाया गेली’ असा शेरा मारायचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) ठरवून दिले आहे की तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, आणि सरसकट अटक करू नये. हा दंडक डॉक्टरांसंदर्भात घातला आहे. लसीनंतर मृत्यू झाल्यास त्याची चौकशी करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचा अहवाल येईपर्यंत आरोग्यसेविकेलाही तो लागू राहील, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे.

आता संमतीविषयी. लस कोणती, ताप आला तर काय करायचे, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवा, एवढे सांगणे आमच्याकडून अपेक्षित आहे. पण सत्राला गर्दी असते, टॅली शीट भरायची असते, आणि सांगणे हमखास आटोपते घेतले जाते. शिवाय गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडे ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप कारखान्यावर असतात. बाळाला घेऊन येते ती आजी. तिची संमती कायद्यात चालते की नाही, हे आम्हाला कोणीच लेखी सांगितलेले नाही. ते सांगा. माहितीपत्रक मराठी आणि उर्दूत, मोठ्या अक्षरात छापा. वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही वाचून दाखवू, पण त्यासाठी सत्रात वेळ आणि आणखी एक माणूस हवा.

नकाराचीही नोंद नकार म्हणूनच व्हावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात कोविडची लस घेतली नसेल तर पेट्रोल आणि रेशन नाही, असे आदेश निघाले होते. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही. पण आमची टार्गेटं तशीच राहिली. पालकाने नकार दिला तर समजवायला पुन्हा जाऊ. त्याचा शेरा आमच्या गोपनीय अहवालात पडू नये.

परिपत्रक निघेपर्यंत जिल्हा पोलीस अधीक्षक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्यासह आमची बैठक घ्यावी. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही.

आपल्या,
परभणी जिल्ह्यातील आरोग्यसेविका