पाचही नावे वाचली जावीत

हट्टा येथील ग्रामस्थ, पालक आणि शिक्षक यांना आवाहन

९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'छोडो भारत' आंदोलन सुरू होऊन बरोबर एक महिना झाला असताना, नंदुरबारच्या भर बाजारात मुलांच्या तिरंगी मिरवणुकीवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पूर्ण नव्हते. भाषणांत बहुधा त्याचे एकट्याचेच नाव येते; बाकीचे चौघे 'आणि इतर'मध्ये विरून जातात. म्हणून विनंती अशी, की आपल्या गावातल्या प्रत्येक शाळेच्या परिपाठात ९ सप्टेंबरला पाचही नावे वाचली जावीत आणि ती मुले कोणाच्या गोळीने गेली हेही सांगितले जावे. कोणी म्हणेल, नंदुरबार तेव्हा मुंबई इलाख्यात, आपण निजामाच्या राज्यात; आपला दिवस १७ सप्टेंबर, निजामाच्या राजवटीतून सुटकेचा. खरे आहे. पण १५ ऑगस्ट १९४७ला तरी आपण कुठे मोकळे झालो होतो? तो दिवस आपण परका मानत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लहान मुलांपुढे मुलांच्याच मरणाचे गोडवे कशाला? नुसते शौर्य सांगितले तर हा धोका आहेच, आणि आपल्या जयंत्या-पुण्यतिथ्यांत नेमके तेच होते. निःशस्त्र मुलांवर बंदूक का रोखली गेली, हे विचारले की जाब बंदूकवाल्याला द्यावा लागतो. असा जाब विचारल्याचे एक उदाहरण पाहा. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १३ मार्च १९९६ रोजी शाळेत शिरलेल्या एका माणसाने सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला मारले. तिथे गोळी सरकारची नव्हती, नंदुरबारशी त्याची बरोबरी नाही. पण त्या माणसाची पिस्तुले परवान्याची होती. गेलेल्या मुलांना तिथल्या लोकांनी वीर ठरवले नाही. असा परवाना मिळतोच कसा, हे विचारले, लाखो सह्या जमवल्या, आणि १९९७मध्ये ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर कायद्याने बंदी आली. दुःखाला असा रोखठोक प्रश्न जोडला, तर ऐकणारे मूल घाबरण्यापेक्षा विचार करू लागेल, असे मला वाटते.

या नाववाचनाला खर्च नाही, वेळ पाच मिनिटे. नावे नववी-दहावीच्या मुलामुलींनीच वाचावीत, शिक्षकांनी घटना सांगून मुलांचे प्रश्न घ्यावेत. ग्रामपंचायतीने फक्त एवढे पाहावे, की त्या दिवशी मंडप, हार आणि पाहुण्यांची भाषणे नसतील.